काठीच्या आत, काठीच्या बाहेर

कलमकाकांकडे दोन चष्मे आहेत. एक जग बघायचा आणि दुसरा पॉलिसीची मागची पानं वाचायचा. दुसऱ्याचा नंबर जास्त आहे आणि वापरही.

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ठाण्यातल्या आमच्या इमारतीत त्या नावाने त्यांना फक्त कुरिअरवाला हाक मारतो. हयात बँकेच्या कर्जविभागात गेली. समोरचा माणूस गोड बोलायला लागला की तो काय लपवतोय ते शोधायचं, ही तिथली सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. असे एक गृहस्थ तुमच्याही इमारतीत असणार. कोणाचा मुलगा परदेशी निघाला की पेढा तोंडात टाकायच्या आधी ते ‘विमा काढलास का?’ असं विचारतात.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोन बिऱ्हाडं मिळून स्वित्झर्लंडला, एंगेलबर्गला गेलो. काकांच्या पुतण्याला, बंटीला, स्नोबोर्ड करायचं होतं, मला स्कीइंग. माझा विमा मी रात्री अकरा वाजता मोबाइलवर, सगळ्यात स्वस्त बघून, काढून टाकला होता. ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण, शेंगेन व्हिसाची अट पुरी, विषय संपला. काकांनी तो कागद घेतला, दुसरा चष्मा चढवला आणि म्हणाले, “हा विमा वकिलातीसाठी आहे रे. तुझ्या पायासाठी नाही.”

खरंच होतं. वगळलेल्या साहसी खेळांच्या यादीत स्कीइंग अगदी ऐसपैस बसलं होतं, बंजी जम्पिंगच्या मांडीला मांडी लावून. म्हणजे हॉटेलात अपेंडिक्स दुखलं तर कंपनी धावत येणार, बर्फावर पाय मोडला तर रामराम.

मग आठवडाभर काकांचे फोन.

“स्कीइंग कव्हर आहे का?”

“हो सर, सगळं कव्हर आहे.”

“सगळं नको. स्कीइंग एवढंच ईमेलवर लिहून द्या.”

यानंतर फोनवर जी शांतता पसरते, ती काकांना भीमसेनांच्या षड्जासारखी ऐकावीशी वाटते. एका पॉलिसीत जादा हप्ता भरून हौशी माणसाचं स्कीइंग चालत होतं, पण आपण कोणाला धडकलो आणि त्याचं हाड मोडलं तर काय, यावर ती मूग गिळून होती. काकांनी आमच्या पायांपेक्षा त्या अनोळखी पायाची जास्त चौकशी केली. इटलीत २०२२ पासून असा विमा नसेल तर स्की घालून उतारावर जाताच येत नाही, हेही त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. इटलीला जाणारं कोणी नव्हतं तरी. काकूंचं बीपी ‘पूर्वीपासूनचा आजार’ म्हणून नोंदवायचं होतं. कधीपासून, या रकान्यासाठी काकूंनी लग्नाची तारीख सांगितली. काकांनी ती निमूट लिहिली.

त्यांना हादरवलं ते फक्त रेगाने. ही स्वित्झर्लंडची हवाई बचाव संस्था. तिला वर्षाला ४० फ्रँक देणगी दिली, तर विम्याने हात वर केल्यावर उरलेला सुटकेचा खर्च ती सोडून देऊ शकते. मात्र सोडून द्यायलाच हवा असं बंधन तिच्यावर नाही.

“म्हणजे मर्जीवर?” काका म्हणाले. “मर्जीवर कुठे हेलिकॉप्टर उडतं का?”

ते रात्री नीट झोपले नाहीत, असं काकू सांगतात. सकाळी उठून त्यांनी ४० फ्रँक भरले आणि रेगाचा १४१४ हा नंबर कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून आमच्या सगळ्यांच्या मोबाइलच्या पाठीवर सेलोटेपने चिकटवला.

एंगेलबर्गच्या टिटलिस डोंगरावर शाहरुख आणि काजोलचे पुठ्ठ्याचे पुतळे उभे आहेत. आमच्या गटातल्या सगळ्यांनी त्यांच्याशेजारी फोटो काढले. काका मात्र उताराच्या कडेला रोवलेल्या काठ्या न्याहाळत होते. आखलेल्या उताराबाहेरचं स्कीइंग आमच्या पॉलिसीत बसत नव्हतं. त्यांनी मला हाताला धरून एका काठीपाशी नेलं. “हिच्या आत पडलास तर कंपनी बघेल. बाहेर पडलास तर तुझे बाबा.”

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियमही त्यांनी पाठ केले होते. वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळून जायचं, हा त्यांतला एक. म्हणून काका आठवडाभर उताराच्या थेट पायथ्याशी उभे राहिले. तिथे धडकणारा कायम वरचाच असणार, म्हणजे चूकही त्याचीच. एकदा बंटी जेवणानंतर बोर्ड घेऊन निघाला, तर काकांनी त्याच्या तोंडाचा वास घेतला. दालचिनी घातलेली गरम वाइन होती, एकच कप. “मद्यपानाचं कलम आहे. बोर्ड काखेत मार आणि चालत खाली ये.” तो आला. चाळीस मिनिटं लागली.

तिसऱ्या दिवशी मी पडलो. आधी आकाश दिसलं, मग माझीच एक स्की, मग पुन्हा आकाश, मग तोंडात बर्फ. कान सुन्न झालेले. तेवढ्यात पायथ्यावरून खणखणीत आवाज आला.

“काठीच्या आत की बाहेर?”

मी मान वळवून पाहिलं. “आत!”

“मग सावकाश ऊठ. लागलं का कुठे?”

मनगट मुरगळलं होतं. गावातल्या औषधाच्या दुकानातून क्रेप बँडेज आणि मलम आणलं, अठरा फ्रँक झाले. मी आशेने काकांकडे पाहिलं. त्यांनी दुसरा चष्मा लावला, पॉलिसीचं चौदावं पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. पहिले १०० डॉलर आपले आपण सोसायचे होते. इतका समाधानी चेहरा मी त्यांचा अख्ख्या सहलीत पाहिला नव्हता, टिटलिसच्या टोकावरही नाही.

परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा ती फाइल टीपॉयवर होती. पाठीवर लाल शाईने लिहिलंय: ‘स्वित्झर्लंड. दावे निरंक.’ आत अठरा फ्रँकची पावती आहे, दोन झेरॉक्स प्रतींसह.