टाकोला झोका

पुण्यात हल्ली ताटवाटी सोडून कशातही जेवण वाढतात. कोरेगाव पार्कातल्या एका नव्या टाकोघरात (नाव सांगत नाही, फुकट जाहिरात कशाला) आमचे टाको खेळण्यातल्या आकाशपाळण्यात बसून आले. एका पाळण्यात एक. वेटरने पाळण्याला किल्ली दिली, खालून कोरड्या बर्फाचा धूर सोडला आणि तो अदबीने बाजूला झाला.

"मामा, हात नका लावू, शूट चालू आहे," भाचा ओरडला. धूर ओसरेस्तोवर टाको निवले होते.

पदार्थाचं नाव 'डीकन्स्ट्रक्टेड मिसळ टाको, तर्री फोमसह'. नग तीन, ७९५ रुपये. तर्रीचा फेस दाढीच्या साबणासारखा दिसत होता. चवीबद्दल मी बोलत नाही. पहिल्याच घासाला टाकोचं कडक कवच उभं तडकलं आणि सगळी मटकी मांडीवर उतरली. सगळी म्हणजे चमचाभर. "सर, तो एक्स्पीरियन्सचाच भाग आहे," वेटर म्हणाला. पँट धुण्याचा एक्स्पीरियन्स मात्र घरी न्यायचा होता.

सरमिसळीला माझी अजिबात हरकत नाही. मेक्सिकोतला लाडका 'अल पास्तोर' टाको तरी कुठे सोवळ्यातला आहे? लेबनॉनहून तिकडे गेलेल्या लोकांच्या शवर्म्यावरूनच तो आला. आणि मिरची अमेरिका खंडातून आपल्याकडे आली नसती, तर आपण ठेचा कशाचा केला असता? पण तिथले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, भिजत ठेवतात, वाटतात आणि त्याची मऊ पोळी तव्यावर भाजतात. मेहनत तिथे आहे. इथे ती सगळी किल्ली द्यायला खर्ची पडली होती.

मेक्सिको सिटीत 'एल कालिफा दे लेओन' नावाची १९६८ पासूनची टाकोची टपरी आहे. जागा खोकेवजा, पदार्थ जेमतेम चार, लोक उभ्याने खातात. २०२४ मध्ये तिला मिशेलिनचा तारा मिळाला. तिथे धूर निघतो तो तव्यावरच्या मांसाचा.

आमचं बिल मात्र चांगलं भरगच्च होतं. टाकोच्या दोन प्लेटा, पन्ह्याची दोन 'मार्गारिटा' मिळून २४४० रुपये, त्यावर दहा टक्के सेवाशुल्क म्हणजे २४४, आणि त्या सेवाशुल्कावरही जीएसटी. हे शुल्क काढा म्हटलं, तर मॅनेजर म्हणाले, "कंपल्सरी आहे, सर. पॉलिसी." भाचा टेबलाखालून माझा पाय दाबत होता, मामाने चारचौघांत शोभा करू नये, असा त्याचा अर्थ.

शोभा झाली तर होऊ द्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय की सेवाशुल्क हॉटेलांनी परस्पर बिलात लावायचं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. तेव्हा वाचकहो, पैसे देण्याआधी बिल खालपर्यंत वाचा आणि ती ओळ काढायला लावा. ऐकलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.