हौदातले पाहुणे

"अगं सुलभा, कुंपणालगतचा हा हौद आज उपसूनच टाकते बाई. डासांनी नुसता उच्छाद मांडलाय."

"थांबा काकू! हे बेडूकमासे आहेत. हा बघा, मागचे पाय फुटलेत, शेपूट अजून तसंच."

"मग ते गळतं कधी?"

"गळत नाही, अंगातच जिरतं. आणि हे घडवतं कोण, तर तुम्ही सकाळी उपाशीपोटी घेता ना, त्या गोळीतलं थायरॉक्सिन!"

"चल, काहीतरीच!"

"अहो खरंच. 1912 साली गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञानं बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली. पुरते वाढायच्या आतच त्यांचे इवलाले बेडूक झाले. पुढे ॲलन नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञानं बेडूकमाशांची ती ग्रंथीच काढून टाकली, तर मासे जन्मभर मासेच राहिले. नुसते आडवेतिडवे वाढले."

"पण एकच औषध पाय फोडतं नि शेपूट खातं?"

"तीच तर मेख आहे. जनुकावर एक प्रथिन ठाण मांडून असतं, सोसायटीच्या वॉचमनसारखं. हार्मोन येईपर्यंत गेट बंद, आलं की तोच उघडतो. वर आपलेच भाऊबंद भरती करतो! आता कुठलं गेट उघडायचं, ते ज्या त्या अवयवावर. पायात वाढीची जनुकं जागी होतात, शेपटात ऊती विरघळवणारी विकरं बनवणारी."

"मेलेलं शेपूट आपसूक झडत असेल गं."

"छे! जमशेद टाटांनी 1966 मध्ये लंडनला..."

"टाटा? मीठवाले?"

"ते नव्हेत हो! हे शास्त्रज्ञ, जन्म मात्र मुंबईचा. मिठातलं आयोडीन या हार्मोनात असतं, ते वेगळं. तर त्यांनी शेपटांचे तुकडे बशीत ठेवले. हार्मोन घातलं की आक्रसायचे. पण औषध घालून जनुकाची नक्कल, म्हणजे आरएनए, बनूच दिला नाही, तर हार्मोन असूनही तुकडा होता तसाच. जिरून जायलाही पेशीला आधी नवी प्रथिनं रांधावी लागतात."

"आणि एवढ्या उलाढालीत खातात काय?"

"काही नाही. शेवाळ खाणारं लांबलचक आतडं आखडून किडे खाणारं होत असतं, तोंडही बदलत असतं. तेवढे दिवस शेपटावरच गुजराण."

"ऐका! आणि आमच्या ह्यांना एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीच्या दोन बशा लागतात, वर रताळ्याचा कीस वेगळा."