प्रयोगाविना संहिता

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हा नटांच्या हाती संवाद लिहिलेला कागद नव्हता. पदे सूत्रधार गाई, भाषणे पात्रे आयत्या वेळी रचीत. म्हणजे प्रयोग होता, संहिता नव्हती. ही उणीव मराठी रंगभूमीने अखेर भरून काढली आहे. आता संहिता आहे, प्रयोग नाही. या प्रगतीला अभिवाचन म्हणतात.

फायदे उघड आहेत. नेपथ्य नको, रंगभूषा नको, पाठांतर तर नकोच. ‘ती हुंदका देते’ असे वाचले की हुंदका दिल्यात जमा; शिवाय डोळे कोरडे राहिल्याने पुढची ओळ नीट दिसते. ‘रंगमंचावर अंधार’ हे वाचायला तेवढा उजेड लागतो, हाच काय तो खर्च.

आमची नम्र सूचना, प्रेक्षकांनाही आता कागद द्यावेत: ‘हशा’, ‘टाळ्या’, ‘भारावलेली शांतता’. संयोजकांनी खूण करताच ज्याने त्याने आपापला वाचावा.

आमच्या गावच्या नाट्यगृहात परवा याची सुरुवात झालीच. अभिवाचनानंतरच्या चर्चेत तज्ज्ञांनी ‘याचा प्रयोग व्हायलाच हवा’ हे उत्स्फूर्त मत कागदावरून वाचले.

एका तरुणाने मात्र शिस्त मोडली. खड्या आवाजात, नेमक्या विरामांसह, एकदाही न अडखळता त्याने आपले सगळे संवाद पाठ म्हटले. सभागृह प्रथमच हलले.

तो चहा-बटाटेवडा विकत होता. त्याला बाहेर काढण्यात आले.