गॅप घेतली म्हणे कार्ट्यानं!

ऐकलंत का? म्हैसूरच्या आपल्या मराठी मंडळींत सध्या एकच विषय आहे, आणि तो दसऱ्याचा नाही. चांगल्या घरातली, नव्वद टक्केवाली पोरं बारावी झाली की म्हणतायत, "यंदा कॉलेज नको, वर्षभर गॅप घेतो." घेतो म्हणे! जसा काही वडापाव घेतोय.

परवा कुणीतरी कानात सांगितलं, अमक्यांचा मुलगा वरुणा तलावावर दिसला. आता टी. नरसीपूर रस्त्यावरच्या त्या तलावावर रविवारी कोण जात नाही? पण हा होडीत बसलेला नव्हता हो, होडी ढकलत होता! गुडघाभर चिखलात उभा राहून लोकांना लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून देत होता, वर "निधान, निधान" म्हणजे 'सावकाश, सावकाश' असं कन्नडमध्ये ओरडत होता. आणि मातोश्री? "पगार मिळतो त्याला," असं चक्क हसून सांगतात. शिव शिव!

आपल्यात वर्ष घालवायची रीतसर पद्धत आहे. नीटला मार्क कमी पडले की लातूर गाठायचं आणि तेच फिजिक्स पुन्हा घोकायचं. पदवी झाली की पुण्यात सदाशिव पेठेत कॉट भाड्यानं घ्यायची आणि एमपीएससीसाठी चार वर्षं अभ्यासिकेत काढायची. शेजारी आपुलकीनं विचारतात, "यंदा प्रीलिम कशी गेली?" काही इंजिनिअर तर ऑफर लेटर घेऊन दोन-दोन वर्षं जॉइनिंगची वाट बघत घरी बसले. तेही अब्रूदार! हातपाय न हलवता गेलेली चार वर्षं चालतात. काम करून गेलेलं एक वर्ष मात्र घराण्याला बट्टा.

यात मोठ्यांचीच फूस आहे बरं का! बाबा आमट्यांनी साठच्या दशकातच सोमनाथच्या छावणीत शहरी पोरांच्या हातात कुदळी दिल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांचा 'निर्माण' उपक्रम 2006 पासून तरुणांना गावोगाव हिंडायची चटक लावतोय. आता सरकारंही सामील! महाराष्ट्रानं 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली. तेव्हा ठरलं: सहा महिने कचेरीत नाहीतर कारखान्यात काम शिका आणि महिन्याला पैसे घ्या: बारावीवाल्याला 6,000, आयटीआय-डिप्लोमावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000. कर्नाटकाची तऱ्हा त्याहून न्यारी. पास होऊन 180 दिवस नोकरी लागली नाही, तर 'युवा निधी'तून पदवीधराला महिना 3,000, डिप्लोमावाल्याला 1,500, तेही दोन वर्षांपर्यंत. आपला होडीवाला राहणार कर्नाटकात आणि शिकलेला नुसता बारावी, त्याला यातलं काहीच नाही. बिचारा कष्टाचंच खातो.

त्याच्यावर सर्वांत जास्त तोंडसुख घेणाऱ्या काकूंनी गोकुलममधला वरचा मजला कुणाला भाड्यानं दिलाय, ठाऊक आहे? कॉलेज लांबणीवर टाकून आलेल्या एका युरोपियन मुलीला! पट्टाभि जोइस यांच्या अष्टांग योगासाठी ही परदेशी मंडळी कधीपासून म्हैसूरला येतात. ती पहाटे साडेचारला उठते, याचं काकूंना केवढं कौतुक. "किती धडपडी पोर हो!" भाडं महिन्याच्या एक तारखेला हातात पडतं, हेही त्या ओघानं सांगतात.

खरी फजिती पुढेच आहे. वर्षभरानं हा मुलगा पुण्यात ॲडमिशनला जाईल, तेव्हा कॉलेज गॅपचं प्रतिज्ञापत्र मागेल. मधल्या काळात दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतला नाही, असं शपथेवर लिहून द्यायचं. होडी उलटली तर आधी कुणाला धरायचं, "मला पोहता येतं" म्हणणाऱ्या बापाच्या अंगावर जॅकेट कसं चढवायचं, संध्याकाळी गल्ला कसा जुळवायचा, हे तो शिकला. पण त्यासाठी फॉर्मवर रकाना कुठाय? काही केलं नाही, एवढंच सिद्ध करायचं असतं.

आणि वरुणाचंच म्हणाल, तर गॅपचा विक्रम तिथं कधीचाच झालाय. वरुणा नावाच्याच मतदारसंघातून निवडून येऊन 2013 आणि 2023 साली मुख्यमंत्री झालेले सिद्धरामय्या तिथल्याच सिद्धरामनहुंडीचे. दहा वर्षांचे होईपर्यंत ते शाळेत गेलेच नाहीत. गुरं राखली आणि मग एकदम पाचवीत जाऊन बसले! पुढे म्हैसूर विद्यापीठाची बी.एस्सी. झाली, वकिलीही झाली. चार इयत्तांची गॅप, आणि नोटरीचा पत्ता नाही!

काकूंना हे ऐकवलं, तर म्हणाल्या, "त्यांची गोष्ट वेगळी. ते मुख्यमंत्री झाले."

झालं तर मग! पोरांनो, गॅप खुशाल घ्या. फक्त पुढे मुख्यमंत्री होणार असाल, तर काकूंना आधी कळवत चला.