डायरीवाल्या सावकारांस अनावृत पत्र

प्रति,
पगाराआधी उचल देणारे समस्त उदार डायरीवाले,
मीरा रोड–भाईंदर

विषय : हिशेब ठेवण्याच्या जाचाबाबत

स.न.वि.वि.

भरलेल्या दिवसांचा पगार सात तारखेआधी हाती घेणे म्हणजे उचल. ती देणाऱ्या कंपन्यांसाठी अमेरिकेतील नेवाडा राज्याने २०२३ साली परवान्याचा कायदा केला. महाराष्ट्रात उचलीचा असा वेगळा कायदा नाही. मात्र व्याजाचा धंदा करणाऱ्या खासगी माणसाला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू होतो. त्यातून बँका सुटल्या. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यांबाहेर हजार सांगून नऊशे हातावर टेकवणारे दानशूर सुटले नाहीत, हा त्यांच्यावर अन्यायच.

पहिला जाच परवान्याचा. तो सहकार खात्याच्या निबंधकाकडून घ्यावा लागतो. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दुसरा जाच वह्यांचा. रोजकीर्द आणि खतावणी ठरलेल्या नमुन्यातच हवी. डायरीत ‘पप्पू – २’ एवढे पुरते. हे दोन म्हणजे दोनशे, दोन हजार की दोन हप्ते, हे मालकाच्या सोयीने ठरते. खतावणीत रक्कम, तारीख, व्याज आणि फेड असे रकाने पडले की ही सोय संपते.

तिसरा जाच कागद देण्याचा. प्रत्येक हप्त्याची पावती द्यायची, ऋणकोला दरवर्षी हिशेबाचे विवरण द्यायचे आणि निबंधकालाही माहिती कळवायची. वर विवरण मिळूनही ऋणको गप्प राहिला, तर तेवढ्यावरून त्याला हिशेब मान्य आहे असे धरता येत नाही. रक्कम न भरलेल्या कोऱ्या कागदावर सही घेणे तर गुन्हाच.

चौथा जाच दराचा. शेतकरी नसलेल्याला तारणी कर्जावर वर्षाला १५ आणि विनातारण कर्जावर १८ टक्के, ही २०१४ साली शासनाने ठरवलेली मर्यादा. डायरीतला ‘शेकडा दहा’ हा दर महिन्याचा असल्याने वर्षाचे १२० टक्के होतात. शिवाय दामदुपटीचा जुना नियम कायम आहे : मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही.

राहिली कोर्टाची वाट. परवाना नसेल तर वसुलीच्या दाव्यात हुकूमनामा मिळत नाही. तेव्हा डायरी जपून ठेवावी. ती पुराव्याला उपयोगी पडते, फक्त दुसऱ्या बाजूला.

कळावे,
एक पगारदार