तोंडाला मुभा, हाताला व्हिसा

मीटिंग म्हणजे काम नव्हे, हे मला नोकरीला लागल्यापासून ठाऊक आहे. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती, कारण आमच्याकडे पगारवाढ मीटिंगमध्येच ठरते. पण हीच गोष्ट जर्मन सरकारनं चक्क नियमात लिहून ठेवली आहे हे कळलं, आणि त्या देशाबद्दलचा माझा आदर एकदम वाढला.

तिथल्या रोजगार नियमावलीत सोळावं कलम आहे. परदेशी मालकाचा माणूस जर्मनीत आला, त्यानं बैठका घेतल्या, वाटाघाटी केल्या, कोटेशन तयार केलं, करारावर सही केली किंवा करार नीट पार पडतोय ना यावर देखरेख ठेवली, तर १८० दिवसांतल्या ९० दिवसांपर्यंत त्यानं काम केलं असं सरकार धरतच नाही. देखरेख! म्हणजे हात मागे बांधून उभं राहायचं आणि मधूनमधून 'हं' म्हणायचं. पुण्यात रस्ता खणायला एक माणूस असतो आणि खड्ड्याकडे बघायला अकरा. त्या अकरा जणांना जर्मनी बिझनेस व्हिजिटर म्हणून सन्मानानं आत घेईल. पंचाईत फक्त बाराव्याची आहे.

त्या बाराव्याची फाईल माझ्या टेबलावर आली.

आमची कंपनी भोसरी एमआयडीसीतली. मालकांनी स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यातली जुनी प्रेस लाइन विकत घेतली. ती तिथे चालवून बघायची, खोलायची, नटबोल्टांवर नंबर टाकून कंटेनरमध्ये भरायची आणि इथे आणून पुन्हा उभी करायची. जाणार तिघं: मालक, मार्केटिंगचे साहेब आणि आमचे फिटर. फिटर गडहिंग्लजकडचे, अख्खं शॉप त्यांना मामा म्हणतं, मालकसुद्धा.

"तिघांच्याही पत्रात मीटिंग लिहून टाका," मालक म्हणाले.

"साहेब, मामांच्या पत्रात मीटिंग?"

"का? मामा काय बोलत नाहीत?"

मामा बोलतात, पण मशीनशी. एकदा त्यांना गुणवत्ता आढाव्याच्या बैठकीला बसवलं होतं, तर पूर्ण वेळ ते टेबलाखाली वाकलेले. बैठक संपली तेव्हा टेबल हलायचं थांबलेलं होतं. बैठकीतून निघालेला त्या वर्षातला तो एकमेव निष्कर्ष.

शिवाय मामांच्या सामानात पान्यांचा सेट, चेन ब्लॉक आणि ग्रीसचा डबा असणार. एवढं घेऊन मीटिंगला कोण जातं? म्हणून मी नियमावली पुढे वाचली आणि एकोणिसाव्या कलमात मामा सापडले. नावानिशी नव्हे, पण जवळजवळ. परदेशी कंपनीनं विकलेलं यंत्र तिथे बसवायला, दुरुस्त करायला किंवा ते कसं चालवायचं हे शिकवायला तिचा माणूस येऊ शकतो. विकत घेतलेलं यंत्र तपासून ताब्यात घ्यायला येऊ शकतो. आणि विकत घेतलेली जुनी यंत्रसामग्री आपल्या देशात पुन्हा उभारण्यासाठी खोलायलाही येऊ शकतो. बारा महिन्यांत ९० दिवसांपर्यंत रोजगार खात्याची वेगळी मंजुरी लागत नाही. खोलण्याच्या किंवा बसवण्याच्या कामाला हात घालण्याआधी त्या खात्याला कळवलं म्हणजे झालं. बर्लिनमधला कुणी कारकून बसून भोसरीचा इतका विचार करून गेला असेल यावर माझा विश्वास बसेना.

मालकांचाही बसेना, पण वेगळ्या कारणानं. खरं लिहून चालतं म्हटल्यावर त्यांना फाईलमध्ये काहीतरी कमी राहिल्यासारखं वाटायला लागलं. "तरी एकदा मीटिंग लिहायला काय हरकत आहे?" असं ते दोन-तीनदा विचारून गेले.

हरकत ही की, ते महाग पडतं. बंगळूरूच्या एका मोठ्या आयटी कंपनीवर अमेरिकेनं हाच ठपका ठेवला होता: बी-१ या बिझनेस व्हिसावर माणसं आणायची, पत्रात बैठका आणि चर्चा लिहायची आणि नोकरीचं काम करून घ्यायचं. माणसांना पढवून पाठवलं होतं, असंही सरकारचं म्हणणं. ज्याला कामाचा वास येतो असा कुठलाही शब्द तोंडातून काढायचा नाही, डिझाइन नाही, टेस्टिंग नाही. कंपनीनं आरोप नाकारले आणि २०१३ साली ३ कोटी ४० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. हे सांगितल्यावर मालक एकदम सत्याच्या बाजूला आले.

मग व्हिसा केंद्र. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. नकार आला तरी ती परत मिळत नाही, त्या बाबतीत युरोप आणि आपले क्लासवाले एकाच विचाराचे. ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. बँकेचं स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, कंपनीचं पत्र, तिकडचं निमंत्रण, हे सगळं आलंच. गंमत झाली ती बोटांच्या ठशांपाशी. मालकांची दहाही बोटं यंत्रानं पहिल्या झटक्यात वाचली. मार्केटिंगच्या साहेबांची तर काचेला टेकायच्या आधीच वाचली असावीत, इतकी ती गुळगुळीत आणि निष्पाप. मामांचा अंगठा मात्र काही केल्या उमटेना. काउंटरवरच्या मुलीनं काच पुसली, मामांना बोटं पुसायला लावली, "काका, जरा जोरात दाबा" म्हणाली. मामांनी जोरात दाबलं. सबंध आयुष्य कानस मारण्यात गेल्यावर बोटांवर रेषा राहणार कुठून? माणूस हातानं काम करतो की नाही, एवढंच ज्या सरकारांना जाणून घ्यायचंय, त्यांनी एवढी पत्रं आणि स्टेटमेंटं मागवण्यापेक्षा हे यंत्र तेवढं दारात ठेवावं.

ज्याच्या नावानं हा व्हिसा मिळतो ते शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं लहानसं गाव. १४ जून १९८५ रोजी पाच देशांच्या प्रतिनिधींनी तिथे नांगरलेल्या बोटीवर बसून आपापसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकायचा करार केला. आता त्यात २९ देश आहेत. आतले लोक एका देशातून दुसऱ्यात कधी गेले हे त्यांना कळतही नाही. बाहेरून येणाऱ्याला मात्र ९० दिवसांचा हिशेब आहे, आणि तो सरळ नाही. आजच्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात किती दिवस आत होतो ते बघायचं. उद्या तीच खिडकी एक दिवस पुढे सरकते. पोहोचलेला दिवस धरायचा, निघालेला दिवसही धरायचा. मालक हा हिशेब कालनिर्णयवर पेन्सिलनं करतात. एकादशीला गोल, जर्मनीला फुली. मध्यंतरी त्यांनी जर्मनीला उपास धरला होता, असं त्यांच्या सौभाग्यवती सांगतात.

पूर्वी पासपोर्टवरचा शिक्का जरा पुसट असला की या हिशेबाला थोडी जागा मिळायची. तीही गेली. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं सीमेवर शिक्क्यांऐवजी चेहरा आणि ठसे नोंदवणारी यंत्रणा सुरू केली. संगणक दिवस मोजतो, आणि त्याला पेन्सिल चालत नाही. मामांच्या अंगठ्याचं तिथे काय होणार, ही काळजी वेगळीच.

ब्रिटनचा न्याय आणखी निराळा. ३१ जानेवारी २०२४ पासून तिथे आलेल्या पाहुण्याला लॅपटॉपवर आपल्या घरच्या कंपनीचं काम करता येतं; फक्त तो येण्याचा मुख्य हेतू असता कामा नये. म्हणजे दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घातलं तरी मन टॉवर ब्रिजवर असायला हवं.

इथवर हसायला ठीक आहे. पण ४ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जियात, बांधकाम चालू असलेल्या एका बॅटरी कारखान्यावर छापा पडला आणि ४७५ माणसं धरली गेली. त्यांत तीनशेहून जास्त कोरियन होते, बरेचसे यंत्रसामग्री बसवायला आलेले जाणते लोक. हातात बेड्या आणि कमरेला साखळ्या घातलेली त्यांची दृश्यं जगानं पाहिली. परदेशातून विकत घेतलेलं यंत्र विकणाऱ्याच्या माणसांनी बसवावं, अशी अट खरेदीकरारात असेल तर बी-१ व्हिसावर ते चालतं, हे अमेरिकेच्या नियमांत आधीपासून आहे; बांधकाम मात्र चालत नाही. त्या माणसांना विमानानं परत पाठवल्यावर दोन्ही सरकारांनी बसून यंत्र बसवणं बी-१ मध्ये बसतं हे पुन्हा जाहीर केलं. अर्थात बैठकीत. बैठकीला व्हिसाची अडचण नव्हती.

आपणही यात मागे नाही. २००९ साली आपल्याकडच्या वीज प्रकल्पांवर अनेक चिनी कामगार बिझनेस व्हिसावर राबत असल्याचं लक्षात आलं, आणि सरकारनं त्यांना ऑक्टोबरअखेर परत जायला सांगितलं. परदेशी माणसाला इथे नोकरीचा व्हिसा हवा तर वर्षाला किमान २५,००० डॉलर पगार पाहिजे, असा आपला नियम बरीच वर्षं होता. त्यातून सूट कुणाला? दूतावासातल्या कर्मचाऱ्यांना, भाषांतरकारांना, आणि आपापल्या देशाचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना. एवढ्या कडक गृह मंत्रालयात चवीचा माणूस कुणीतरी बसलेला होता, एवढं त्यावरून कळतं.

तिघांचेही व्हिसे आले. फ्रँकफर्टला मालक आणि मार्केटिंगचे साहेब "बिझनेस" म्हणून सुटले. मामांना अधिकाऱ्यानं विचारलं, कशाला आलात? मामांनी पाठ केलेलं इंग्रजी उत्तर दिलं: मशीन खोलायला. आणि कंत्राटाची, रोजगार खात्याला कळवल्याची प्रत पुढे सरकवली. अधिकाऱ्यानं दोन्ही वाचून त्यांना आत सोडलं. पुढे मामांनी प्रेस खोलली आणि उरलेल्या दोघांनी नियमानुसार काही केलं नाही.

तुम्हालाही कंपनी यंत्र बसवायला किंवा खोलायला बाहेर पाठवत असेल, तर निमंत्रणपत्रात कंत्राटाचा क्रमांक आणि करायचं काम साध्या शब्दांत लिहून घ्या, त्याची प्रत हातातल्या बॅगेत ठेवा आणि पान्यांचा सेट चेक-इनच्या बॅगेत टाका. मालक मीटिंग लिहा म्हणाले, तर त्यांनाच मीटिंगला पाठवा.