गरी एक, कोपरे दोन

जून उजाडला की गोव्याच्या समुद्राला सुट्टी लागते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. हा माशांच्या विणीचा काळ, त्यात त्यांना त्रास देऊ नये, असे सरकारचे म्हणणे आहे आणि ते शहाणपणाचे आहे. त्यात एक बारीकशी गोष्ट तेवढी राहून गेली. बंदी बोटींवर आहे, जेवणावर नाही. बाजारात इसवण दिसेनासा होतो, दिसलाच तर बर्फातून आलेला परप्रांतीय निघतो, आणि हुमणाशिवाय ज्याच्या घशाखाली शीत उतरत नाही तो डिचोली तालुका मान वळवून नदीकडे पाहू लागतो. गोड्या पाण्यातले मासेही नेमके याच दिवसांत, मृगाचे पहिले गढूळ पाणी आले की, अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. म्हणजे समुद्रातल्या बाळंतिणींना सरकारी रजा, आणि ओहोळातल्या बाळंतिणींच्या वाटेवर टॉर्च, पागेर आणि प्लॅस्टिकची बादली घेऊन उभे अर्धे गाव. पुढे श्रावण येतो आणि भाविक माणूस नुस्ते सोडतो. पण तोवर ज्यांना चढायचे ते चढलेले असतात, उरलेले तव्यावरून उतरलेले असतात. सरकार आणि धर्म, दोघांनीही माशांना विश्रांती दिली आहे. एकाने पाणी चुकवून, दुसऱ्याने तारीख चुकवून.

काठावरच्या या गर्दीचे आपले ठरलेले स्पष्टीकरण असे की लोक फार झाले. पूर्वी गरवायला जाणे हे दोन-चार हौशी म्हाताऱ्यांचे काम होते, आता स्वस्त रीळ मिळू लागले आणि घरोघरी दांड्या आल्या. दांड्या आल्या हे खरेच. पण गर्दी हा भागाकार असतो आणि आपण त्यातला खालचा आकडा पाहतच नाही. पूर्वी चढणारा मासा फुटेल त्या ओहोळातून आणि शेताच्या बांधावरून वाट काढत वर जाई, त्याच्या मागची माणसेही तशीच पांगलेली असत. आपण वाळवंटीवर आणि तालुक्यातल्या ओहोळांवर बंधारे घातले. उन्हाळ्यात बागायतीला पाणी मिळाले, विहिरींना झरे राहिले, त्याबद्दल तक्रार नाही. पावसाआधी बंधाऱ्याच्या फळ्या काढतात हेही मान्य. पण खालचा काँक्रीटचा ओटा फळ्यांबरोबर घरी जात नाही. तो ओलांडताना मासा खोळंबतो, आणि मासा खोळंबला की माणूस खोळंबतो. खाली मांडवीला जिथे पाणी खोल आणि काठ सोयीचा, तिथे सारमानस, आमोणे, नावेली असे खनिजाचे धक्के बसले. बार्ज आणि चणक यांची आवड या बाबतीत एकच आहे. खाणी २०१२ साली बंद पडल्या, मग सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा बंद पडल्या, आता पुन्हा सुरू होत आहेत. एवढ्या उघडझापीत काठ मात्र गरवणाऱ्याला परत मिळाल्याचे ऐकिवात नाही. शहरातून जाताना नदीच्या अंगाला भिंती आल्या. उरल्या तीन जागा: पूल, फेरीचा धक्का आणि बंधाऱ्याची पायरी.

या तीन जागांवर आज जी राज्यघटना चालते ती कोणी लिहिलेली नाही, तरी तिची कलमे सर्वांना पाठ आहेत. पहिला आला तो मालक. मालकाची चप्पल जिथे, तिथवर त्याची हद्द. एकाने किती गऱ्या टाकाव्यात यावर घटना गप्प आहे, त्यामुळे चार दांड्या रोवणारा गृहस्थ चार नागरिकांएवढा धरला जातो. एखाद्याला तामसो लागला की दोन मिनिटांत त्याच्या दोन्ही अंगांना सहा जण सरकतात आणि मग दोऱ्यांचा असा गुंता होतो की मासा तेवढा सुटतो, बाकी सगळे अडकतात. फेरीबोटीतून उतरणाऱ्या दुचाकीस्वाराने आपले हेल्मेट दुसऱ्याच्या गरीपासून सांभाळायचे, हे त्याचे कर्तव्य. त्याला हक्क नाहीत. हातात गरी नसलेल्यालाही इथे पद आहे. कठड्याला टेकून दर पाच मिनिटांनी ‘कितें मेळ्ळें?’ असे विचारणारा हा निरीक्षक असतो आणि दुसऱ्याच्या पिशवीत डोकावण्याचा त्याचा अधिकार मूलभूत आहे. सर्वांत वरचे पद अर्थात रीलवाल्याचे. ‘डिचोलीतली गुप्त जागा’ असे शीर्षक देऊन तो ती जागा सबंध गोव्याला दाखवतो आणि पुढच्या रविवारी तिथे गाडी लावायलाही जागा नसते, याबद्दल आणखी एक रील करून खेद व्यक्त करतो. श्रीमंत देशांत असे नसते, हा समजही खरा नाही. अलास्कात केनाई आणि रशियन नदीवर सामन चढू लागला की माणसे खांद्याला खांदा घासून उभी राहतात, आणि त्या प्रकाराला तिथले लोक सरळ लढाऊ मासेमारी म्हणतात.

मग गर्दीचे करायचे काय? उत्तर शोधायला अलास्काला जायला नको, पिळगावच्या खाजनापर्यंत गेले तरी पुरते. खाजनाच्या बांधातली पाण्याची झडप म्हणजे मानस; तिचे दार भरतीच्या जोराने मिटते आणि ओहोटीला उघडते. बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर शेवटे, काळुंद्री, सुंगटे जाळ्यात येतात. एवढी चांगली जागा गावाने कोपरे मारणाऱ्यांसाठी मोकळी सोडली नाही. मानशीची पावणी, म्हणजे लिलाव, होई, जो घेई त्याने ठरलेल्या मुदतीत मासे धरायचे, आणि आलेला पैसा बांधाच्या डागडुजीला. हे काम आधी गावकरीकडे, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या संस्थेकडे, होते, १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कूळ संघांकडे आले. यात थोर काही नाही. जागा मोजकी आहे आणि घेणारे पुष्कळ आहेत, हे एकदा कबूल केले आणि पाळी ठरवली, इतकेच.

इथे जाणकार वाचक हरकत घेणार, आणि ती वाजवी आहे. ही पद्धत काही सत्ययुगातली नव्हती. गावकरीचा हक्क जन्माने मिळे, ज्याला तो नव्हता तो बांधावरून बघत राही. पावणी घेणारा पैसा वसूल करण्यासाठी अवेळी दार उघडे ठेवतो, खारे पाणी शेतात शिरते आणि मासे एकाचे, भात दुसऱ्याचे बुडते, ही तक्रारही खाजनात नवी नाही. म्हणूनच मानशीतून पावणी उचलायची नाही, पाळी तेवढी उचलायची. तुर्कस्तानात आलान्या नावाच्या गावी मच्छीमारांनी नेमके हेच केले. जागांना नावे दिली, एकाचे जाळे दुसऱ्याला आडवे येणार नाही इतके अंतर ठेवले, दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकल्या, आणि मग प्रत्येकाने रोज एक जागा पुढे सरकायचे. चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येते आणि वाईटही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली आपल्या पुस्तकात हे उदाहरण मांडले, २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. शंभरेक कोळ्यांनी कॉफीच्या दुकानात सोडवलेले भांडण किती मोलाचे असू शकते, ते यावरून कळावे.

काश्मीरची तऱ्हा निराळी. निलगिरीत आणि काश्मिरात इंग्रजांनी स्वतःच्या करमणुकीसाठी ट्राउट आणून सोडला. काश्मिरात ओढ्यांचे तुकडे पाडून परवाने देतात, ज्याचा परवाना त्याचा तो तुकडा त्या दिवसापुरता. आपल्याकडे कोणी उत्साही मंत्री उद्या डिचोलीत ट्राउट सोडायची घोषणा करील, म्हणून आधीच सांगून ठेवलेले बरे: त्या माशाला गार पाणी लागते, मे महिन्यातल्या आपल्या नदीत तो सोडला तर त्याला वेगळा शिजवावा लागणार नाही. परवानाही तसाच आणू नये. पैसे मोजून जागा मिळू लागली की पणजीचा पाहुणा बंधाऱ्यावर बसेल आणि ज्याच्या घरी आज संध्याकाळच्या कढीचा प्रश्न आहे तो मागे राहील.

‘नदी सर्वांची, तिथे पाळी कसली?’ ही दुसरी हरकत, आणि ती जो करतो त्याची चप्पल बहुधा आधीच काठावर असते. डिचोलीचा बुधवारचा बाजारही सर्वांचाच आहे. तिथे प्रत्येकीची बसायची जागा ठरलेली असते आणि सोपो, म्हणजे बाजारपट्टी, वसूल करणाराही ठरलेला असतो. मये तलावावर तर माणूस पैसे भरून, नाव नोंदवून, आपली पाळी येईपर्यंत निमूट थांबतो आणि मग स्वतःलाच दोरीच्या टोकाला बांधून पाण्याकडे झेपावतो. त्या बंजी जंपिंगच्या रांगेत स्वातंत्र्यावर घाला आल्याची ओरड कोणी केलेली नाही. दोरीला आपल्याऐवजी गांडूळ बांधले की मात्र माणूस क्रांतिकारक होतो.

तिसरी हरकत सर्वांत खरी आहे: गरीने नदी रिकामी होत नाही. नाहीच होत. ओढ्यात गेळाची फळे कुटून टाकणे, ब्लीचिंग पावडर ओतणे, बॅटरीचा करंट सोडणे, हे पाप मोठे आहे. स्फोटके आणि विष यांना १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने बंदी आहे, म्हणजे कायदा सव्वाशे वर्षांचा झाला आणि त्याला नदी अजून सापडायची आहे. पण दोन्ही गोष्टींचा उपाय एकच निघतो. ज्या काठावर कोणाची तरी पाळी आहे, तिथे करंट सोडणाऱ्याला हटकणारा माणूस आपोआप हजर असतो. त्याला पगार द्यावा लागत नाही, त्याचा स्वार्थ पुरतो. तेव्हा जूनच्या पहिल्या पुरात बंधाऱ्यांखाली आठ-दहा दिवस सर्वांनाच मनाई, आणि एरवी पूल व धक्क्यांवर भरती-ओहोटीनुसार पाळी, माणशी एक दांडी. हे पंचायतीने ठरवावे, सोपोची पावणी करणाऱ्यांना ते जड नाही.

प्रत्यक्षात काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. गर्दीची तक्रार वर जाईल, पाहणी होईल, आणि काठाच्या सुशोभीकरणाची निविदा निघेल. पेव्हर बसतील, स्टीलचा कठडा येईल, सेल्फीसाठी गावाचे नाव मोठ्या अक्षरांत उभे राहील, आणि शेवटी ‘येथे मासे पकडण्यास सक्त मनाई आहे’ असा फलक लागेल. त्याचा खांब चांगला जाड असावा, एवढीच कंत्राटदाराला विनंती. चार दांड्या टेकवायच्या आहेत.